नाक मागणारे सटवाअप्पा

आमच्या शेजारचे सटवाअप्पा चितारी कधी पीठ-मीठ मागायला येत नसत. ते नाक मागायला येत.

मी लग्न होऊन गावात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. मी जात्यावर बसले होते. दारात एक उंच, वाळक्या अंगाचा म्हातारा येऊन उभा राहिला. धोतरावर गेरूचे डाग, कानामागं ब्रश खोचलेला. म्हणाला, "सूनबाई, जरा कान द्या."

मी पदर सावरला आणि म्हणाले, "बोला."

"बोलायचं काई न्हाई. नुसता कान पायजे."

मी घाबरून आत पळाले. सासूबाई हसत बाहेर आल्या. "आगं, ते आपले सटवाअप्पा. मारुतीच्या देवळावर रामायण काढायलेत. दाव त्यांना कान. खात न्हाईत ते."

मग मी दारात मान वळवून उभी राहिले आणि अप्पांनी माझा कान डोळे बारीक करून असा पाहिला, जसा बाजारात कुणी बैल पाहतो. जाताना म्हणाले, "उसना नेतो बरं का. सीतेला लावतो."

माणसाचं तोंड मनानं काढायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आमचं गाव दिंद्रुडच्या वाटेवरचं, लहानसं. त्यामुळं सगळ्या देवादिकांना आमच्याच गावची तोंडं. रामाला न्हाव्याचं नाक, लक्ष्मणाला माळ्याच्या पोराच्या भुवया. रावणाची दहा डोकी काढायची निघाली तेव्हा तर भांडणं लागली. मधलं डोकं पाटलांना पाहिजे होतं, आणि कडेचं डोकं मिळालं म्हणून सोनार कितीतरी दिवस अप्पांशी बोलला नाही.

सासूबाईंकडं ते शूर्पणखेसाठी आले होते. नाक मागितल्याबरोबर सासूबाई कडाडल्या, "कापायचंच असंल तर माझं कावून? दुसऱ्याचं बघा!" शेवटी अप्पांनी स्वतःचंच नाक काढलं आणि लक्ष्मणाकडून कापून घेतलं.

दुसरी खोड म्हणजे भिंतीला विचारणं. कुणी काम सांगितलं की अप्पा भिंतीवर टिचक्या मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "बघू, भिंत काय म्हनती." पाटलांच्या ओसरीची भिंत दोन पावसाळे "न्हाई" म्हणत होती. मला वाटतं, पाटीलच त्यांना आवडत नसावेत.

घरात ते एकटेच. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पण ह्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलं नाही. येता-जाता इतकं हसवणाऱ्या माणसाला असलं काही विचारायचं सुचतच नाही.

त्या काळी निजामाचा अंमल. गावाच्या नशिबी वेठ होती. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, दौऱ्यावर आला की चावडीत मुक्काम करायचा. त्याला दूध, कोंबड्या, घोड्याला कडबा, सगळं गावानं द्यायचं, फुकट. निघाला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत आमच्या माणसांनी वाहायचं. हा गिरदावर तर पलंगसुद्धा सोबत घेऊन हिंडायचा. त्याला दुसऱ्या पलंगावर झोप येत नसे.

त्या वर्षी ऐन पेरणीत आमच्या मालकांना त्या पलंगाखाली लावलं. परत आले तेव्हा उजवा खांदा सुजून वर आला होता. तिफण धरता येईना. मी आणि सासूबाईंनी कशीबशी पेरणी उरकली. तोवर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेला होता. निम्मं बी उगवलंच नाही.

पुढं हिवाळ्यात बातमी आली की तालुकदारसाहेब स्वतः येणार. म्हणजे जिल्ह्याचा मालकच. गिरदावराची धांदल उडाली. त्यानं सटवाअप्पांना चावडीवर बोलावलं आणि दर्शनी भिंत दाखवून फर्मावलं, "इस पो तस्वीर बनाव. रयत खुशहाल दिखना. सब के मुंह पो हंसी होना, समझे क्या?"

हीही वेठच. रंगसुद्धा अप्पांच्या पदरचा.

अप्पांनी भिंतीला कान लावला. सगळ्यांना वाटलं, आता भिंत "न्हाई" म्हणणार आणि अप्पा फटके खाणार. पण अप्पा म्हणाले, "जी सरकार. हसू देतो. तोंडं मातर गावची लागतील."

"लगाव."

"आन् सरकारची मिशी मिळाली तर लई झ्याक हुईल."

गिरदावर खूश झाला. चांगला अर्धा दिवस मिशीला पीळ देत अप्पांसमोर बसून राहिला.

अप्पांनी भिंतीसमोर गोणपाट बांधलं आणि आत शिरले. मधूनमधून बाहेर येऊन उसनवारी करायचे. एक दिवस आमच्याकडं आले. मालक ओसरीवर शेक घेत बसले होते. अप्पा म्हणाले, "खांदा द्या, मालक."

मालकांनी सदरा उतरवला. अप्पा खूप वेळ बघत राहिले.  जाताना, उसना नेतो, असं मात्र म्हणाले नाहीत.

तालुकदार यायच्या दिवशी सकाळी गोणपाट सुटलं. आम्ही बायाही पाणी भरायचं निमित्त करून चावडीपुढं उभ्या होतो.

भिंतीवर आमचं अख्खं गाव चाललं होतं. एकाच्या डोक्यावर पेटारा, एकाच्या हातात उलट्या टांगलेल्या कोंबड्या, एकाच्या पाठीवर कडब्याचा भारा, एकाच्या काखेत हुक्का. मधोमध चौघांच्या खांद्यावर तो पलंग, आणि पलंगावर तक्क्याला टेकून गिरदावर, मिशीच्या केसान् केसासकट. पुढचा उजवा खांदेकरी आमचे मालक. खांदा पेरणीत होता अगदी तसाच, टम्म सुजलेला. आणि हुकमाप्रमाणं सगळेच्या सगळे दात काढून हसत होते. कोंबड्यासुद्धा.

 मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी चावडी हसू लागली.

गिरदावर लालबुंद झाला. "मिटाव! चूना मारो इस पो!"

चुनेवाल्या इमामभाईंना बादलीसकट आणलं. त्यांनी कुंचला बुडवला, भिंतीजवळ गेले आणि थांबले. पेटारा घेतलेला माणूस तेच होते.

"सरकार, ह्यो तर म्याच हाय," इमामभाई म्हणाले. "सोताच्या तोंडाला चुना कसा फासू?"

"फिर दूसरा कोई आव!"

दुसरा आला तर त्याला भिंतीवर भाऊ दिसला. तिसऱ्याचा बाप कोंबड्या घेऊन उभा होता. कुणी कुंचल्याला हात लावीना. शेवटी गिरदावरानं स्वतःच कुंचला उचलला आणि सगळ्यांत आधी स्वतःच्याच तोंडावर मारला. मिशीची डावी बाजू गेली. चुना उडून त्याच्या खऱ्या मिशीवर बसला. तेवढ्यात वेशीत घोडी दिसली. तालुकदार आले होते.

तालुकदार म्हातारे, चष्मेवाले, सावकाश बोलणारे. ते भिंतीपुढं आले. भिंतीवरच्या गिरदावराची मिशी चुन्यानं माखलेली, शेजारी उभ्या असलेल्या गिरदावराचीही. त्यांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. मग गर्दीत आमच्या मालकांना हुडकून म्हणाले, "तुम इधर आव. कंधा दिखाव."

मालकांनी सदरा उतरवला. सूज उतरली होती, पण हाडाला गाठ राहिली होती. ती आयुष्यभर राहिली. तालुकदारांनी ती पाहिली आणि अप्पांकडं वळले. "ये किसने बनाया?"

अप्पा हात जोडून पुढं झाले. "म्या, सरकार. हुकूम हुता, समदे हसले पायजेत. हसवले."

"ऐसाइच होता क्या यहां?" तालुकदारांनी सगळ्यांकडं बघून विचारलं.

 गिरदावर एकेकाकडं रोखून बघत होता. मनात आलं, आता मालक बोलले तर घर उठेल, नाही बोलले तर अप्पा तुरुंगात जातील.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. सासूबाई. डोईवर घागर तशीच.

"चित्रात एकच गोष्ट खोटी हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "उचलताना कुनी हसत नव्हतं."

कुणीतरी ते तालुकदारांना उर्दूत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंत तशीच ठेवा म्हणाले. आणि त्यांच्या मुक्कामात दुधापासून कडब्यापर्यंत जे लागेल ते दाम देऊन घ्यायचं, असा हुकूम केला. दुसऱ्या दिवशी सामान भाड्याच्या गाड्यांतून गेलं. पलंगही गाडीत. आमचे मालक मोकळ्या हातांनी वेशीत उभे राहून बघत होते. त्यांना हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं. गिरदावराची लवकरच बदली झाली. नवा आला तो त्या भिंतीपुढून मान खाली घालून जायचा आणि मागितलेल्या वस्तूचे पैसे आधी द्यायचा.

गाड्या गेल्या त्या दिवशी दिवेलागणीला आमच्या अंगणात गाव जमलं. कुणी ज्वारीच्या कण्या आणल्या, कुणी गूळ. सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. अप्पा मात्र कुठं दिसेनात. सासूबाईंनी मला ताट घेऊन धाडलं.

त्यांचं दार आतून बंद. मी कडी वाजवली.

"कोन? शिपाई?" आवाज ओळखू येईना इतका बारीक.

"मी, अप्पा. सूनबाई."

दार उघडलं. आत अंधार, चूल गार. मधोमध एक गाठोडं बांधून ठेवलेलं.

"कुठं निघालात?"

अप्पा खाली बसले. "गोनपाट बांधलं त्याच दिवशी बांधून ठिवलंतं. पळायचं ठरिवलंतं. मागल्या दारानं दोनदा निघालोबी." ते थोडं हसले. "आन् वेशीपातूर गेलो की ध्यानात यायचं, सूनबाई, कुनाकडं जायचं? पळनाऱ्याला बी कुनीतरी लागतं की. मग माघारी यायचो आन् रंगवायचो."

मी ताट खाली ठेवलं आणि गाठोडं उचलून चालू लागले. अप्पा "अहो, अहो" करत माझ्यामागं आले.

अंगणात सासूबाईंनी गाठोडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं.  त्यांना ओसरीवर भिंतीशी बसवलं, पुढ्यात ताट वाढलं आणि आपण गाठोडं सोडायला बसल्या. गाठ इतकी आवळलेली होती की त्यांना दात लावावे लागले. आतलं घोंगडं काढून त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात अंथरलं. मागं वळून पाहिलं तर अप्पा हातात घास तसाच धरून, बसल्या बसल्या झोपी गेले होते.