अकरावा फायदा

साठेजींना "चहा घेणार का?" असं विचारलं की ते आधी खिशातून छोटी डायरी काढायचे. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. 'तरतरी येते' डावीकडे, 'पित्त होतं' उजवीकडे. तोवर चहा गार झालेला असायचा. मग 'गार झाला' हेही उजवीकडे लिहून ते तो पिऊन टाकायचे.

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनतात. मी खरेदी विभागात, साठेजी कॉम्प्युटरवाले. इकडे हिंदी मुलखात, अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून डबा एकत्र खायचो. ते मूळचे ग्वाल्हेरचे. इंद्रपुरीत एका खोलीत एकटे राहायचे. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा विचारलं.

"मुलगी पसंत होती हो," म्हणाले. "पण माझी यादी पुरी होईपर्यंत तिचं इंदूरला जमलं."

कारखान्याचा सर्व्हर एका काचेच्या खोलीत होता. तिथे ते देवघरात जावं तसे चपला काढून जायचे. रविवारीसुद्धा एक चक्कर ठरलेली. वीज गेली की चौकीदाराला त्यांचा फोन यायचाच, "एसी चालू है ना भैया?"

गेल्या वर्षी मालकांच्या मनात आलं की सगळं सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यावं. म्हणजे स्वतःची मशीन ठेवायची नाही, दुसऱ्या कंपनीची भाड्यानं वापरायची. त्यांनी साठेजींना बोलावलं. "आप ही फायदा-नुकसान लिखकर दीजिए." ऑफिसात सगळे गालात हसले. बसल्या फांदीवर घाव घालायचा की नाही, हे त्यांनाच विचारलं होतं.

साठेजींनी तीन आठवडे घेतले. मग एका दुपारी डबा उघडण्याआधी कागद माझ्यापुढे ठेवला. "कुलकर्णी, वाचून बघा जरा."

तोटे चार होते. भाडं कायमचं मागे लागेल. इंटरनेट बंद तर काम बंद. एकदा तिकडे गेलं की परत आणणं अवघड. आपली माहिती दुसऱ्याच्या घरात. फायदे मात्र अकरा. जुनी मशीन बदलायला नको, एसी नको, मंडीदीपच्या गोदामातूनही माल किती आहे ते दिसेल, असे दहा. अकरावा होता: 'कोणा एका माणसाला इथे थांबून राहावं लागणार नाही.' खाली शिफारस: न्यावं.

"अहो, आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"मी कंपनीच्या तोट्यात येत नाही."

"आणि हा अकरावा?"

त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाले, "सात वर्षांपूर्वी सर्व्हर बंद पडला होता, आठवतं? गेटवर ट्रक उभे होते, पावत्या निघत नव्हत्या. त्याच दुपारी ग्वाल्हेरहून शेजारच्यांचा फोन आला, आईला बरं नाही, निघा. म्हटलं, हे चालू करतो आणि निघतो. चालू व्हायला दोन दिवस लागले. पोचलो तोवर आई गेली होती. शेवटपर्यंत विचारायची म्हणे, गाडी आली का?"

मला ट्रक आठवत होते. साठेजींची रजाही आठवत होती. अर्जावर कारण लिहिलं होतं, 'घरगुती काम'. मी तेव्हा काहीच विचारलं नव्हतं.

मालकांनी शिफारस मानली. एका शुक्रवारी सर्व्हर बंद झाला. काचेच्या खोलीतला गारवा संध्याकाळपर्यंत गेला. साठेजींना स्टोअरमध्ये टेबल मिळालं. सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी डबा न आणताच आले.

"कुठे होता?"

"ग्वाल्हेरला जाऊन आलो. आता अडवणारं कोणी नाही ना."

"घरी?"

"भाड्याचंच होतं ते. दुसरी माणसं राहतात. दार वाजवलं तर एक बाई आल्या. म्हणाल्या, किससे मिलना है?"

मी माझ्या डब्यातली पोळी त्यांच्याकडे सरकवली.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, माफ कीजिए, शायद पता गलत है." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.