सोबत कोण?

वीणाच्या पोटात तीन वर्षं दुखत होतं आणि तीन वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल येत होते. नवरा पद्मनाभ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल मोजून तपासायला होता. मोजता येत नाही ते नाहीच, असा त्याचा खाक्या. "मनाचं आहे गं. लक्ष देऊ नकोस," एवढंच त्याचं औषध. शेवटी डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली. नळीची वीणाला भीती नव्हती. भीती होती ती एवढीच, की आत काही सापडलंच नाही तर?

तपासणीसाठी ती उपाशी म्हणून सकाळी घरात गॅस पेटला नाही, त्यामुळे तोही दवाखान्यात उपाशीच आला.

"अक्का, छान झोप लागेल आता," बेळगावकडची पवित्रा सिस्टर म्हणाली आणि तिने इंजेक्शन दिलं. छत पाण्यासारखं हललं. वीणा एका तळ्यावर उताणी तरंगू लागली. वरून गुलाबी फुलं संथपणे खाली येत होती, येतच होती, पण एकही अंगावर पडत नव्हतं.

इकडे डॉक्टरांनी पद्मनाभला आत बोलावलं. "हे बघा, अल्सर." पडद्यावर ओल्या गुलाबी भिंतीत पांढरट जखम होती. पद्मनाभने चष्मा सारखा केला.

"केवढी आहे?"

"आठेक मिलिमीटर."

पद्मनाभने मान डोलावली, खाली बसला आणि बसल्याबसल्या आडवा झाला.

वीणा जागी झाली तेव्हा शेजारच्या खाटेवर सलाईन लावलेला नवरा होता. हा तळ्यावर कधी आला, तिला कळेना.

"गोळ्या नीट घेतल्यात की बरं होईल," डॉक्टर तिला सांगत होते.

"पण आहे ना खरंच?"

"आहे."

तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर गोड लागलं.

दुपारी पवित्रा कागद घेऊन आली. "गुंगीतल्या पेशंटला एकटं सोडत नाही. सोबत कोण?"

"हे."

"आणि यांच्या सोबत?"

"मी," वीणा म्हणाली आणि तिचे डोळे पुन्हा मिटले.

पवित्रा दोन्ही कागद हातात धरून उभी राहिली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "यांचा ईसीजी चांगला आहे. दोन इडल्या द्या. खाल्ल्या की हे पेशंट नाहीत, नातेवाईक."

पद्मनाभने चार खाल्ल्या आणि सही केली.

रिक्षा बसवनगुडीतल्या घराकडे निघाली. वीणाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. बाहेरची झाडं अजून थोडी तरंगत होती. तो हळूच म्हणाला, "दुखतंय का गं अजून?"

खरं म्हणजे त्या घडीला तिला कुठेच काही दुखत नव्हतं. पण हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"स्वल्प," ती इथल्या कानडीत म्हणाली आणि डोळे मिटून आणखी जवळ सरकली.