बंद गाडीतली दहा मिनिटं

२२ नोव्हेंबर, शनिवार. मेथीच्या चार जुड्या घेऊन मी खिडकीत निवडायला बसले होते. खाली पार्किंगमध्ये माझी गाडी उभी होती आणि तिच्यात देवरे आप्पा बसले होते. इंजिन बंद, काचा खाली, नजर समोरच्या भिंतीवर. गेला महिनाभर ते आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी रोज असे दहा मिनिटं बसायचे. सोसायटीत नवीन आलेला प्रत्येक जण मला येऊन सांगायचा, "मॅडम, तुमच्या गाडीत कोणीतरी बसलंय." त्या दिवशी मात्र आप्पा एकटेच होते, आणि त्याला कारण मी होते.

आप्पा माझे शेजारी. मूळचे सटाण्याचे. तीस वर्षं लासलगावला कांद्याच्या लिलावात भाव पुकारायचे. आवाज असा की दहाव्या ट्रॅक्टरवर डुलकी घेणारा शेतकरी दचकून उठायचा. तोच माणूस आता सकाळी सहाला आमच्या गच्चीवर सोमॅटिक योग शिकवतो, तोही इतक्या हळू की तिसऱ्या रांगेतल्यांना दुसऱ्या रांगेत विचारावं लागतं.

यात शीर्षासन वगैरे काही नाही. सतरंजीवर पडायचं, गुडघे जरासे डावीकडे, जरासे उजवीकडे न्यायचे आणि अंगात कुठे काय जाणवतं ते बघायचं. "अर्धंच करा," आप्पा म्हणतात. आपण अर्धं करतो. "आता त्याच्याही अर्धं. घाई काय शे?" घाई काय आहे, हे ते अहिराणीतच विचारतात. शेवटी वीस माणसं नुसती आडवी पडलेली दिसतात. मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. वीस माणसं आडवी दिसली की माझं डोकंच फिरतं. मान धरली म्हणून एकदा गेले, तर पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. आप्पा इतरांना म्हणाले, "उठवू नका कोणी. सगळ्यांत चांगलं यांचंच चाललंय."

त्यांचा वर्ग गच्चीवर संपत नाही. दूधवाल्याला एकदा जिन्यात गाठून विचारलं, "तुझे खांदे कुठे आहेत?" तो घाबरून म्हणाला, "जागेवरच हायेत की आप्पा, कुठं जातील?" वॉचमनला रोज विचारतात, "पाय टेकलेत का जमिनीला?" तो आता आप्पा दिसले की आधीच ओरडतो, "टेकलेत!"

वहिनींचं दुखणं वेगळं. दीड वर्षापूर्वी चांदवडच्या घाटात त्यांच्या गाडीला मागून ट्रक लागला. खरचटण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही. पण आप्पांनी ती गाडी विकली आणि तेव्हापासून वहिनी कुठल्याही गाडीत बसल्या नाहीत, रिक्षातसुद्धा नाही. भाजी-किराणा सगळं पायी. आता सटाण्याला त्यांच्या लेकीचं, अश्विनीचं, डोहाळजेवण ठरलं होतं. रविवारी. म्हणून आप्पांनी माझ्या गाडीची किल्ली मागितली होती.

"कुठे जायचंय?" मी विचारलं होतं.

"कुठेच नाही."

पहिला आठवडा वहिनींनी नुसतं दाराचं हँडल धरलं. मग दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसल्या. मग दार लावून. आप्पा शेजारी बसून विचारायचे, "अंग काय म्हणतंय?"

"उतर म्हणतंय."

"मग उतर."

की दोघं उतरून घरी!

"अहो, असं अंगाचं ऐकत बसलात तर बारसं येईल," मी एकदा म्हणाले.

"ऐकलं की ते ओरडत नाही, ताई."

मला दम निघत नव्हता. गुरुवारी दोघं मागच्या सीटवर बसलेली असताना मी सरळ जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि कोणाला न सांगता तिथेच लावलेली किल्ली फिरवली. वाटलं, एकदा इंजिनचा आवाज झाला की भीती मोडेल. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. दार उघडून अनवाणी निघून गेल्या, चपला गाडीतच राहिल्या. शुक्रवारी खाली आल्याच नाहीत.

शनिवारी आप्पा किल्ली द्यायला वर आले. मी मेथीचे हात पदराला पुसले. "चुकलं माझं," मी म्हणाले.

"उद्या मी एकटाच जातो बसने. साडी देऊन येतो."

"जरा आग्रह तरी करा त्यांना."

"केला तर येईल ती, माझ्यासाठी. तसं नको." ते उंबऱ्यातच थांबले. "त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. ट्रक लागला आणि मी ओरडलो. लिलावात ओरडायचो त्याच्या दुप्पट. सुमनला धडक आठवतच नाही, ताई. माझा आवाज आठवतो. दीड वर्ष झालं, मी घरात फोनवर बोललो नाही. फोन आला की गच्चीवर जातो. हा योग शिकलो तोसुद्धा आधी माझ्यासाठी. हळू कसं बोलायचं तेच येत नव्हतं."

मी त्यांच्या हातात अर्धी निवडलेली मेथी दिली आणि त्यांच्या घरी जाऊन वहिनींसमोर बसले.

"वहिनी, न सांगता किल्ली फिरवली, ते चुकलं. उद्या सकाळी गाडी काढते. तुम्ही 'थांब' म्हणाल तिथे थांबेन. गेटपाशी म्हणालात तर गेटपासून परत."

"लोक हसतील."

"हसतातच आहेत महिनाभर."

त्या हसल्या नाहीत. "आणि तो घाट?"

"चांदवडवरून जायचंच नाही. दिंडोरीवरून जाऊ. लांब पडेल, पडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी खाली गेले. वहिनी आल्या. मांडीवर हिरव्या साडीची पिशवी घेऊन पुढे बसल्या. आप्पा मागे. "सुरू करू का?" मी विचारलं आणि वहिनींनी मान हलवेपर्यंत किल्लीला हात लावला नाही. गेट गेलं. पाण्याची टाकी गेली. कोपऱ्यावर वहिनी म्हणाल्या, "थांब." मी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. वहिनींनी पिशवी घट्ट धरली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, किल्लीला लागू नयेत म्हणून.

मग वहिनी मागे न वळता म्हणाल्या, "अहो, काहीतरी बोला की. मोठ्याने बोललात तरी चालेल."

आरशात आप्पा खिशात रुमाल शोधताना दिसले. मी नजर रस्त्यावर ठेवली, विचारलं, "निघू?" आणि वहिनी "निघ" म्हणाल्यावर पहिला गिअर टाकला.