इंदुमती आत्यासाहेबांचे दक्षिणेस विमानगमन

श्रीवायुनंदन समर्थ आहेत, ते ऐकणारास सुखी राखोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, गुरुवारी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले असे.

उत्तरनगरी इंदुमती आत्यासाहेब नांदत होत्या. दक्षिणनगरी त्यांचे धाकटे बंधू वसंतराव यांस प्रथम पुत्र जाहला, आणि बारशाचा मुहूर्त गुरुवारी दोन प्रहरी ठरला, आणि बाळाचे कानी नाव सांगणे हा आत्येचा मान, म्हणोन बोलावणे आले. आत्यासाहेबांचे पोटी अपत्य नव्हते, भाचा हा एकच, तेव्हां आनंद गगनी मावेना. मग यजमान दाजीपंत यांनी नकाशावर सुतळी धरिली आणि निकाल दिधला की, आकाशमार्गे अंतर दोनशे कोस, विमानास वेळ तीन घटका, म्हणजे सवा तास. "नाश्ता इथे आणि पाळणा तिथे! काळजीच सोड." परंतु पंत पंचांगाचे मोठे अभिमानी, आणि गुरुवारी दक्षिणेस दिशाशूळ, म्हणोन बुधवारीच प्रस्थान ठेविले. म्हणजे प्रवासी निघाला ऐसे समजोन त्याचे गाठोडे शेजारी नेऊन ठेवावे आणि दुसरे दिवशी उचलोन कूच करावे, ऐसी रीत. पंतांनी तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधिले, आणि गाठोडे कोणाचे ते दिशांस कळावे म्हणोन आत्यासाहेबांचे ओळखपत्रही आत घातिले. धन्य ती अक्कल! आणि गुरुवारी सकाळी साडेपाचास गडबडीत गाठोडे शेजारीच विसरोन उभयतां विमानतळी दाखल जाहली.

दारीचा शिपाई बोलिला, "बाई, ओळखपत्र?" पंत छाती काढोन बोलिले, "त्या कालच निघाल्या आहेत." शिपाई बोलिला, "मग ह्या कोण?" आत्यासाहेब कडाडल्या, "अहो, मला शेजारी ठेवून आलात की हो!" मग पंत रिक्षा करोन उलटे धावले आणि गाठोडे घेऊन आले, तो विमान डोईवरोन निघोन गेले. आत्यासाहेबांचे डोळां पाणी आले. पुढील विमान साडेदहाचे, आणि तेही तासभर रेंगाळले.

इकडे दक्षिणनगरी फोनवर हे कळले आणि मुहूर्त टळो लागला. भटजी बोलिले, "दुसऱ्या कोणी नाव सांगितले तरी चालते." आणि बाळाची मावशी पुढेही सरली. मग वसंतराव बोलिले, "भटजी, मुहूर्त दुसरा काढता येईल, ताई दुसरी कोठून आणू? थांबायचे." पाहुणे भुकेले, मसालेभाताचा घमघमाट सुटलेला, परंतु कोणी पानावर बसले नाही. अडीच वाजतां पंतांसह आत्यासाहेब पोहोचल्या, आणि पाय धुवोन पाळण्यावर वाकल्या, आणि कानी बोलिल्या, "राजा, आत्याला उशीर झाला रे, रागावू नकोस." आणि मग नाव सांगितले. चालीप्रमाणे बायांनी आत्यासाहेबांचे पाठीत धपाटे घातिले, आणि एक सणसणीत आत्यासाहेबांनी पंतांचे पाठीत घातिला.

येणेप्रमाणे दोहों नगरांतील अंतर दोनशे कोस आणि वेळ तीन घटका, हे विमानाचे. आत्यासाहेबांस नऊ तास लागले, आणि तोंवर बाळ बिननावाचे राहिले. कळावे.