उकंडराव काकांच्या लेकी

उकंडराव काका आमच्या घरी यायचे, बसायचे, भरपूर बोलायचे, पण पाण्याच्या ग्लासाला कधी हात लावायचे नाहीत. आदिलाबादचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा सत्तरीचा माणूस भर दुपारी सायकल हाणत आलेला. पाणी पुढे केलं की दोन्ही हात जोडायचे. मग गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली, शाळेच्या पोरांकडे असते तसली निळी बाटली उघडायची, आपलं पाणी आपण प्यायचं आणि टोपण लावून बाटली पुन्हा छातीवर सोडायची. कारण विचारलं तर एकच उत्तर.

"लेकीच्या घरचं पाणी बाप पेते का, बाई?"

लेक म्हणजे आमची राणी. रंगानं तांबडी, एक कान उभा, एक पडलेला. हे संभाषण चालू असताना ती काकांच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपलेली असायची.

आता नातवंड झाल्यावर बाप लेकीच्या घरी जेवतो, पाणी पितो, हेही काकांना मान्य होतं. पंचाईत अशी की, त्यांच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कुत्रीचं ऑपरेशन आधी झालंच पाहिजे, हा नियम मीच घातला होता. म्हणजे गावभर लेकी दिलेला हा बाप जन्मभर तहानलेलाच राहणार. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणून त मोठी बाटली घेतली."

काका मूळचे जैनथकडचे, पैनगंगेकाठच्या एका गावातले. घरची शेती कापूस-ज्वारीची, पण यांची सगळी नोकरी महसूल खात्यात झाली. बायको वारली होती. एकुलता एक मुलगा हैदराबादला. काका एकटेच बसस्टँडमागे एका खोलीत भाड्यानं राहायचे. खोलीपुढे अंगण, अंगणात कडुलिंब, आणि त्या कडुलिंबाखाली कायम कोणीतरी लंगडणारं, कोणीतरी पट्टी बांधलेलं. कापसाच्या मार्केट यार्डात गाडीखाली आलेलं पिल्लू, बदली झाल्यावर मालकानं मागे टाकून दिलेली कुत्री, नागपूर हायवेवरच्या ढाब्यामागे सापडलेली भावंडं. ती इथे बरी होत, आणि मग काका त्यांच्यासाठी घर शोधत.

याला आजकाल दत्तक देणं म्हणतात. काकांना तो शब्द पटत नसे. "सोयरीक जुळवून राह्यलो," असं ते म्हणायचे. आणि कुत्रा असला तरी त्यांच्या लेखी ती लेकच.

"पण काका, हा तर नर आहे."

"नर असला म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या घरी नांदाले जाते, थे लेक."

माझा त्यांचा संबंध आला तो आमच्या शाळेत. मी सरकारी शाळेत शिकवते. एक दिवस काका कापडी पिशवीत पिल्लू घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले आणि प्रत्येक शिक्षकापुढे पिशवी उघडून दाखवू लागले. मला अघळपघळ काम बघवत नाही. मी त्यांना खाली बसवलं, पिल्लाचा फोटो काढला, फोनवर ग्रुप केला, जनावरांच्या सरकारी डॉक्टरांकडे लसीचा दिवस ठरवून दिला आणि घेणाऱ्यांसाठी अटींची यादी करून दिली. दारात फाटक हवं, लस वेळेवर हवी, वगैरे. काकांनी यादी हात लांब करून वाचली.

"सगळं बरोबर हाय. पण यात दुपार कोठी हाय?"

"दुपार म्हणजे?"

"दुपारी घरी कोण रायते, हे पुसाचं रायलं."

ती दुपार मग यादीत सगळ्यात वर गेली. यादी माझी, पण निकाल काकांचा. कुत्रं मागायला फोन आला की ते म्हणायचे, "मौका पाहा लागन." मौका म्हणजे जागेवर जाऊन केलेली पाहणी. जमिनीचं मोजमाप करायला जावं तशा थाटात ते निघत. अंगणात उभे राहून सावली कुठून कुठे सरकते ते बघत. पाण्याचं भांडं कुठे ठेवणार, घरात मोठ्यानं कोण बोलतं, पाहुणे आले की कुत्र्याला बांधता का, असं सगळं विचारत. मग बाहेर येऊन मला निकाल सांगत. "मंजूर" किंवा "दरख्वास्त खारीज." मध्ये काही नाही.

एका सिमेंटच्या व्यापाऱ्यानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "चाचा, एसी में रखेंगे." काकांनी मान डोलावली, हात जोडले, आणि फाटकाबाहेर येताच, "खारीज."

"आता काय झालं?"

"एसीत ठेवतो म्हणते. काचा बंद. कोणाचा आवाज येईन, ना कोणाचा वास. थ्यानं भुकाव कोणावर?"

उलट एका तेलुगू बाईंच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा त्या नवऱ्यावर इतक्या ओरडत होत्या की मी परत फिरायच्या बेतात होते. काका मात्र शांत बसून राहिले. ओरडता ओरडताच त्या बाईंनी पिल्लासाठी दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं आणि नवऱ्याला आणखी दोन वाक्यं सुनावून वाटी खाली ठेवली. "मंजूर," काका तिथेच म्हणाले. "बोट बुडवून पाह्यलं थिनं."

आणि सोयरीक ठरली की काकांची खरी तयारी सुरू होई. पिल्लू तेलुगू घरी जाणार असेल, तर त्याला तेलुगू यायला हवं. काका कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि जड मराठी हेलात शिकवत, "रा. रा. कूर्चो." रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बस. हिंदी घर असेल तर, "आव. बैठो." मी हसले की म्हणत, "सासरची भाषा नको याले? पहिल्या दिवशी थे लोक 'रा' म्हणतीन, अन् हे आपलं पाहूनच राहीन. मंग म्हणतीन, कुत्रं बह्यरं दिलं." बसवून झालं की भाकरीचा तुकडा. मराठी घरी जाणाऱ्या पिल्लांना शिकवणी नसायची, पण वर्गात तीही येऊन बसत आणि तुकडा घेत.

आता त्या पाण्याबद्दल सांगते, कारण त्यावरून आमच्या घरी एकदा भलतंच झालं होतं.

राणी आमच्याकडे आली आणि थोड्या दिवसांनी काका पहिल्यांदा तिला बघायला आले. सासूबाईंनी पाणी आणलं. काकांनी हात जोडले आणि बाटली उघडली. सासूबाई ग्लास धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काऊन? आमच्या घरचं चालत नाई का?"

आमचं घर बौद्धांचं. सासूबाई लहानपणी आईबरोबर कापूस वेचायला जायच्या, तेव्हा शेतमालकाच्या घरचं माणूस त्यांच्या ओंजळीत वरून पाणी सोडायचं. त्या हे फारसं सांगत नाहीत. पण विसरल्याही नाहीत. आणि समोर बसलेला माणूस तशाच एका शेतकरी घरातला होता.

काकांना आधी कळेचना. मग कळलं, आणि त्यांच्या हातातली बाटली तिरपी होऊन पाणी धोतरावर सांडलं.

"नाई माय. तसं नाई. लेक हाय ना माही इथं. लेकीच्या घरचं पाणी..." त्यांनी राणीकडे बोट दाखवलं.

सासूबाईंनी राणीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला. "कुत्रीच्या नात्यानं का होईना," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून सोयरीक त आली."

टोमणा नीट बसला.  काका खाली मान घालून म्हणाले, "पोराकडच्यायनं पोरीच्या बापाकडं जेवाची रीत हाय. आइतवारी समदे या."

आम्ही गेलो. काकांनी स्वतः ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या, वांग्याची भाजी केली होती. आम्हाला वाढून ते आमच्याच पंगतीत बसले. त्यांचा ग्लास रिकामा होता. सासूबाईंनी तांब्या उचलला आणि त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं. काकांनी ते एका दमात संपवलं आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

त्या दिवसापासून सासूबाई त्यांच्या इहीणबाई झाल्या आणि ते यांचे इवाई, म्हणजे व्याही. आमच्या घरी पाणी मात्र शेवटपर्यंत बाटलीतलंच.

मग खोलीच्या मालकानं जागा विकली. तिथे दुकानं होणार होती. मुलाचा फोन आला, आता हैदराबादला या. सूनही बोलली. दोघं चांगली आहेत, मी बोलले आहे त्यांच्याशी. दसऱ्याच्या आत खोली सोडायची ठरली. मी कामाला लागले. अंगणातली सगळी कुत्री भराभर घरोघरी गेली. उरली एक शेवंती. म्हातारी, एका डोळ्यावर पांढरा पडदा, चालताना मागचा पाय ओढायची. मुलाच्या फ्लॅटच्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. काकांनी सांगून टाकलं, "शेवंती मार्गी लागल्याबिगर मी हालत नाई."

म्हातारं कुत्रं सहसा कोणी घेत नाही. तरी मी स्थळं आणली. निर्मल गावात लाकडी खेळणी करणारं एक कुटुंब होतं, अंगण मोठं, माणसं मायाळू. काका जाऊन आले.

"खारीज."

"का?"

"थो लाकडाचे कुत्रे बनवते. दिवसभर थ्यायलेच रंगवते. खऱ्याकडं काय पाहीन?"

बोथला एक क्लार्क तयार होता, शेतात घर. "खारीज. हायवे जोळ हाय." हायवे तिथून इतका लांब की ट्रकचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नव्हता. तिसऱ्या घरी तर म्हातारा-म्हातारी दिवसभर घरात, सावली भरपूर, दुपारीसुद्धा माणूस. मला वाटलं, झालं काम. काका बाहेर आले आणि सायकलचं कुलूप उघडत राहिले.

"खारीज का म्हणता, तेवढं सांगा."

"म्हातारे लोक हायेत. थे गेल्यावर शेवंतीचं काय?"

"काका, शेवंतीचंही वय झालंय."

ते सायकलवर बसून निघून गेले.

संध्याकाळी मी सासूबाईंना घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. सामान अर्धं बांधलेलं होतं. शेवंती एका गाठोड्यावर झोपली होती. मी सरळच विचारलं, "काका, तुम्हाला शेवंती द्यायची नाही, की तुम्हाला जायचं नाही?"

काका सुतळीची गाठ सोडवू लागले.

"बाई, एकेका लेकीच्या घरचा मौका मी केला," ते म्हणाले. "हैदराबादचा कोणं केला? पोरगा चांगला हाय. सूनही चांगली हाय. पण दोघं बी ड्यूटीवर. नातू शाळेत. दुपारी घरात कोणी रायत नाई. कोणाची दरख्वास्त असती, त मी पायरी बी चढलो नसतो."

 दुपारची ही अट माझ्याच यादीत सगळ्यात वर होती.

"लेकीले पाहाले मी जातो," ते सुतळीकडे बघतच म्हणाले. "मले पाहाले कोण येईन?"

शेवंती उठली, पाय ओढत आली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हे आमच्याकडं रायन," त्या म्हणाल्या.

"इहीणबाई, एका घरी दोन लेकी कशा द्याव?"

"सख्ख्या बहिणी जावा होत नाईत का? द्या. अन् तुमी जा. पोरगा बोलावून राह्यला तुमचा. ज्याले कोणी बोलावत नाई, थ्याले पुसा."

काकांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे मौका करायला आले. इतकी वर्षं येत होते, तरी अंगणात उभं राहून सावली बघितली, पाण्याचं भांडं फाटकाजवळून हलवून कुंड्यांपाशी ठेवलं आणि मला म्हणाले, "मंजूर."

काका हैदराबादला गेले त्याला आता वर्ष होत आलं. बसस्टँडमागे दुकानं झाली, कडुलिंबही गेला. मी ग्रुप चालवते, लसीचे दिवस पाळते, घरंही बघून येते. काम नीट चालतं. पण कुत्र्यांना तेलुगू शिकवणारं आता कोणी नाही, ती नव्या घरी आपली आपण शिकतात. शेवंती उन्हाळ्यात गेली. काकांना मी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दुपारी गेली का? कोण होतं जोळ?" सासूबाई होत्या, असं सांगितलं. "मंग ठीक हाय," म्हणाले.

परवा मी दिवाळीची खरेदी लिहून काढत बसले होते. सासूबाई करंज्यांसाठी खोबरं किसत होत्या. त्या म्हणाल्या, "मुराळ्याचं लिहिलं का?"

"कसला मुराळी?"

"दिवाळीले लेकीले माहेरी आणाले कोणी जाते का नाई? इवायाले आणाले कोण जाऊन राह्यलं?"

माझे मिस्टर पेपरमागून म्हणाले, "मी जातो. रेल्वेचं तिकीट काढ."

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "काका, पिशवी भरून ठेवा. दिवाळीला तुम्हाला घ्यायला माणूस येतोय."

  काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "थांबा बाई. घरी इचारा लागन."

फोन त्यांनी बंद केला नव्हता. चपला घासत ते आत चालत गेले, एक दार उघडलं, आणि त्यांचा आवाज ऐकू आला. "सूनबाई, माह्या माहेराहून फोन आला."