सायकलचा पक्का बंदोबस्त

घराला कुलूप लावून जिना उतरायचं आणि परत वर येऊन ते ओढून बघायचं, ही त्या गृहस्थांची जुनी खोड. म्हणून सगळी इमारत त्यांना डबलकुलूप म्हणायची. अशा माणसाने गाडीसाठी सायकल-रॅक घ्यायचा ठरवला, तिथेच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

मुलीची पहिली शर्यत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. टपावरचा रॅक यांना नको, सायकल पुलाला आपटेल. डिकीला पट्ट्यांनी लटकवायचा नको, पट्टे कोणीही कापेल. शेवटी बंपरखालच्या चौकोनी नळीत दांडा सरकवून बसवायचा लोखंडी रॅक आला. शर्यतीच्या सकाळी यांनी दांडा सरकवला, सायकल चढवली. मग सायकल आणि रॅकभोवती साखळी, तिला कुलूप, दुसरी साखळी, तिलाही कुलूप, वरून दोरीच्या गाठी.

"अहो, सायकल न्यायचीय, कैदी नाही," बायको म्हणाली.

"चोराला एक लाल सिग्नल पुरतो!"

वाटभर मागे काहीतरी खडखडत होतं. "नवी वस्तू आहे, वाजणारच," डबलकुलूप म्हणाले.

मैदानावर पोचले तर स्पर्धक रांगेत उभे राहत होते.

"बाबा, लवकर काढा ना!"

बाबांनी शर्टाचे खिसे चाचपले, पँटचे चाचपले, पुन्हा शर्टाचे.

"किल्ल्या कुठायत?" बायकोने विचारलं.

"सुरक्षित आहेत."

"अहो, पण कुठे?"

"डिकीत."

सायकल चढवायच्या आधीच ठेवलेल्या. आणि आता डिकीच्या दारासमोर सायकल! दार बोटभर उघडायचं आणि हँडलला अडायचं. मागची सीट पाडून हात घालावा, तर मध्ये यांनीच लोखंडी जाळी ठोकून घेतलेली. तीही चोरांसाठीच.

"मग आता बोलवा तुमच्या त्या चोराला!" बायको कडाडली. "तोच सोडवेल!"

तेवढ्यात सगळ्यांनी रेषेवर यावं, अशी घोषणा झाली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वर्षभर पहाटे उठले मी, बाबा. ही कुलपं बघायला?" असं म्हणून तिने सायकल धरून रागाने हिसका दिला.

साखळी तुटली नाही, गाठ ढिली झाली नाही. अख्खा रॅकच सायकलीसकट नळीतून बाहेर आला आणि धाडकन जमिनीवर टेकला.

डबलकुलूपांनी वाकून रिकाम्या नळीत बघितलं. "पिन! दांडा अडकवायची जाड पिन! गंजू नये म्हणून तेल लावायला आत नेली होती..."

बायकोने पर्समधून एक तेलकट पिन काढली. "ही? ओट्यावर पडली होती. मला वाटलं, तुमचंच काहीतरी जास्तीचं."

मघाशी ओलांडलेला उंच पूल आठवून डबलकुलूप मटकन खालीच बसले. मुलीला बसायला वेळ नव्हता. मोकळी झालेली डिकी उघडून तिने किल्ल्या घेतल्या, कुलपं काढली, गाठी दातांनी सोडल्या आणि शिट्टी वाजता वाजता रेषा गाठली.

ती कितवी आली ते कोणी विचारलं नाही. परतताना मात्र तिने स्पष्टच सांगितलं, "मी सायकल चालवतच येते. तुम्ही तुमचा रॅक सांभाळा."

रॅक मागच्या सीटवर बसवला, त्याला सीटबेल्ट लावला. गाडी सुरू करून डबलकुलूप पुन्हा खाली उतरले आणि मागचं दार उघडून त्यांनी तो पट्टा ओढून बघितला.