एक नळी पुढे

"या शुक्रवारी मी उजेडात घरी येणार!" दादांनी जेवताना जाहीर केलं.

बायकोने मान वर केली नाही. अशा घोषणा ऐकून तिचे कान किटले होते. मुलीने मात्र कान टवकारले. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या शाळेत नाटक होतं आणि त्यात ती झाड होती. मागच्या नाटकात ती दगड होती. तो दगड बाबांना बघायला मिळाला नव्हता.

"नक्की ना, बाबा?"

"नक्की म्हणजे काय! काम यंत्र करणार. मी नुसता बघणार!"

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. दादांचा हात आपोआप उठला आणि समोरचा पाण्याचा पेला बोटभर पुढे सरकवून खाली आला.

"बघितलंत?" बायको दार उघडायला उठत म्हणाली. "घरी असता तेव्हासुद्धा तिथेच असता तुम्ही."

बिचाऱ्या दादांचा तरी काय दोष? मधुमेहावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. तिथे स्वादुपिंडाच्या पेशींवरून आधी कमी साखरेचं पाणी सोडत, मग जास्त साखरेचं. साखर वाढली की धडधाकट पेशी इन्सुलिन सोडतात. ते सोडतात की नाही हे कळायला पेशींवरून येणारं पाणी थेंबथेंब नळीत धरायचं. दर थोड्या वेळाने घंटी वाजायची, की ट्रे एक घर पुढे ढकलून नवी नळी थेंबाखाली आणायची. हे दिवसभर! दादा चहाला गेले तर जो जवळ असेल तो ढकलायचा. नव्या माणसाला तिथे आधी हे शिकवत, स्वच्छतागृह कुठे आहे ते नंतर.

या घंटीला विटून दादांनी महिनोन्महिने खपून ट्रेला मोटर बसवली होती. पाणी बदलणं, नळी सरकवणं, सगळं आपोआप! घंटी तेवढी त्यांनी ठेवली. इतकं काम मुकाट्याने करणारं यंत्र त्यांना बघवेना.

सोमवारी उंदराच्या पेशींवर पहिली चाचणी झाली. इन्सुलिन मोजणाऱ्या चष्मेवाल्या बाई आकडे घेऊन धावतच आल्या.

"मॅडम, पेशी इन्सुलिन सोडतात, मग एकदम शून्य! परत सोडतात, परत शून्य!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे पेशी मधे मधे विश्रांती घेतात! अहो, हा शोध आहे!"

पेशींना विश्रांती मिळते हे ऐकून दादांना हेवा वाटला. त्यांनी नळ्या उजेडात धरल्या.

"मॅडम, शोध नाही. या नळ्या कोरड्या आहेत."

झालं! यंत्र नळ्या गाळतंय असं ठरलं. दादांनी मोटर उघडली, पुसली, परत बसवली. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी ते वायर तपासायला टेबलाखाली शिरले आणि ट्रेसमोर फोन उभा करून चित्रण चालू ठेवलं. संध्याकाळी सगळे ते बघायला जमले.

घंटी वाजली, मोटरने ट्रे सरकवला. लगेच बाई कागद वाचत आल्या आणि ट्रे ढकलून गेल्या. पुन्हा घंटी. सही घ्यायला आलेल्या हिशेबनिसांनी ढकलला. पुन्हा घंटी. फोनवर बोलता बोलता खुद्द मॅडमनी ढकलला! त्यानंतरच्या घंटीला आसपास कोणीच नव्हतं. टेबलाखालून नुसता एक हात वर आला, ट्रे ढकलला आणि परत खाली गेला.

"हा कोणाचा हात?" मॅडमनी विचारलं.

दादांनी आपला हात हळूच खिशात घातला.

गुरुवारी घंटी काढली. पण मोटरने ट्रे सरकवताना बारीकसं 'खट्' वाजायचं, आणि दुपारपर्यंत तेही सगळ्यांच्या हातांना ऐकू यायला लागलं. दादांनी ट्रेवर झाकण बसवायचं सुचवलं. मागणी खरेदी विभागात गेली. खरेदी विभागाने कळवलं, यथावकाश!

शुक्रवार उजाडला.

"आज माणसाच्या पेशी आहेत," मॅडम म्हणाल्या. "एका गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दिलेल्या. एक थेंब वाया जाता कामा नये. दादा, तुमचं यंत्र उत्तम आहे हो! माणसांचंच काही खरं नाही. शेवटची नळी भरेपर्यंत कोणीतरी शेजारी बसून ट्रे राखायला हवा."

"कोणी?" दादांनी क्षीण आवाजात विचारलं.

मॅडमनी ट्रेसमोर खुर्ची ओढली आणि दादांकडे बोट दाखवलं.

"आणि यांचे स्वतःचे हात?" बाईंनी शंका काढली.

संध्याकाळी खिडकीतलं ऊन पिवळं झालं तेव्हा दादा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ट्रेसमोर बसले होते. काम यंत्र करत होतं. ते नुसते बघत होते. बऱ्याच नळ्या अजून भरायच्या होत्या, आणि शाळेत झाड एव्हाना उभं राहिलं असेल.

टेबलावरचा फोन वाजला. घरून होता. हात काढायची सोय नव्हती.

"बाई," कागद वाचत चाललेल्या चष्मेवाल्या बाईंना दादांनी कळवळून हाक मारली, "जरा फोन..."

बाईंनी वाचता वाचताच हात लांबवला, वाजणारा फोन एक घर पुढे ढकलला आणि त्या निघून गेल्या.